हल्मोनीची खरवड

पॅलिसेड्स पार्क, न्यू जर्सी
६ जून २००४

प्रिय शैलजाआत्या,

मी जिवंत आहे, जेवतो आणि रोज आंघोळ करतो. बाबांनी पार्सिपनीहून तुला फोन करून काय काय सांगितलं असेल याची मला पूर्ण कल्पना आहे, म्हणून माझी बाजू लेखी देतोय.

मी फोन करू शकत नाही, कारण माझा फोन हडसन नदीत आहे. मी जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवर उभा होतो, बाबा बोलत होते, आणि त्यांनी चौथ्यांदा 'तो शेजारचा परीक्षित बघ, कसा शिकतोय' असं म्हटलं. पुढे फोनचं काय झालं ते तुला कळलंच असेल. ईमेल केली असती, पण मराठी लिहिलं की तुझ्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन दिसतात आणि इंग्रजी लिहिलं की तू उत्तर देत नाहीस. तेरा वर्षांचा असताना मी पुण्याहून इकडे आलो, तेव्हा महिन्याला एक मराठी पत्र आणि चुका लाल पेनने परत, असा करार तूच केला होतास. आता भोग.

कॉलेजचं थोडक्यात सांगतो. इन्स्ट्रक्टर म्हणाला, प्रोग्रॅम कॉपी केलास. मी केला नव्हता. तसं मी त्याला सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. मग प्रिंटआउट त्याच्या टेबलावर आपटला आणि सरळ ऑफिसात जाऊन नाव काढून घेतलं. दोन वर्षं झाली होती, दोन राहिली होती. पश्चात्ताप वगैरे काही नाही.

सध्या मी ब्रॉड ॲव्हेन्यूवरच्या एका कोरियन रेस्टॉरंटमध्ये भांडी घासतो आणि वरच्या खोलीत राहतो. हे रेस्टॉरंट मिन्जीच्या घरचं आहे. मिन्जी म्हणजे केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर असायची ती. ऑगस्टअखेर ती फार्मसी शिकायला बॉस्टनला जाणार. तोवर मला तिला एक गोष्ट सांगायची आहे. कोणती ते विचारू नकोस.

एक गंमत सांगतो. गिऱ्हाइकांचा भात इथे इलेक्ट्रिक कुकरमध्ये होतो, पण घरच्यांचा भात मिन्जीची आजी एका जड लोखंडी भांड्यात लावते. आजीला सगळे हल्मोनी म्हणतात, मीही म्हणतो. भात वाढून झाला की ती भांडं पुन्हा मंद आचेवर ठेवते आणि शेजारी स्टूल टाकून कान देऊन बसते. तळाचा भात कडकड वाजायला लागतो. मग उलथण्याने ती अख्खी सोनेरी चकती एका तुकड्यात काढते. ह्याला नुरुंगजी म्हणतात. उरलेल्या भांड्यात पाणी घालून उकळते आणि जेवणानंतर सगळे ते पितात, आपल्या पेजेसारखं. मिन्जी डोळे मिटून खाते. तिचे बाबा कोरियात राहतात, ते फोनवर पहिलं हेच विचारतात की आज चकती नीट निघाली का.

आत्या, ही आपली खरवडच की! फक्त आपल्याकडे ती भांडी घासणाऱ्याच्या वाट्याला येते आणि इथे भांडी घासणाऱ्याला त्या भांड्याला हात लावायची परवानगी नाही.

बाबांना माझा पत्ता देऊ नकोस.

तुझा,
निहार

*

क्युपर्टिनो
१५ जून २००४

चिरंजीव निहार,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. धपाटा फोनबद्दल आहे, कॉलेजबद्दल नाही. कॉलेजचा धपाटा तुझे बाबा देतील, मी त्यांच्या वाट्याचं घेत नाही.

पत्रात सात चुका. 'पश्चात्ताप' मात्र बरोबर लिहिलास. जो शब्द आपल्या उपयोगाचा नाही तो माणूस फार जपून लिहितो, असं दिसतंय.

मी पंचवीस वर्षं ऑपरेशन टेबलावर लोकांना भूल दिली. भुलीखाली जाताना माणूस जे नाव पुन्हा पुन्हा घेतो, नेमकं तेच त्याच्या मनात असतं. तुझ्या पत्रात मिन्जीचं नाव चारदा आलंय, आणि 'विचारू नकोस' एकदा. तेव्हा विचारत नाही. पण इन्स्ट्रक्टर चुकला म्हणून जे पाय ऑफिसाकडे वळले, ते पुढे नेमके ब्रॉड ॲव्हेन्यूलाच कसे पोचले, एवढं कुतूहल राहतं.

नुरुंगजीचं वाचून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सोलापूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमची आई शेगडीवर पितळी पातेल्यात भात लावायची. तळाला धरलेली खरवड, त्यावर तूप आणि मेतकूट. इथल्या नॉनस्टिकमध्ये भात धरतच नाही. चाळीस हजार मैल चाललेली गाडी आणि न धरणारं पातेलं, ही माझी अमेरिका.

ऑगस्टअखेर म्हणजे दहा आठवडे आहेत. सांगायचं ते सांगून टाक. तू फोन फेकताना एवढा विचार केला नव्हतास.

तुझी,
आत्या

*

पॅलिसेड्स पार्क
४ जुलै २००४

आत्या,

सगळं संपलं.

बाहेर फटाके वाजताहेत आणि मी वरच्या खोलीत बसून तुला लिहितोय. काल दुपारी साडेतीनला, गिऱ्हाईक नसताना, घरचे जेवायला बसले होते. मी नेहमीसारखा सिंकपाशी. हल्मोनी उठली, ताज्या नुरुंगजीचा मोठा तुकडा तोडून दोन्ही हातांवर धरून माझ्यापाशी आली. दोन्ही हातांनी देणं म्हणजे इथे फार मोठं असतं. सगळे जेवायचं थांबून बघत होते. मिन्जी हसत होती. म्हणजे हे त्यांचं आधीच ठरलेलं असणार.

आणि मला आठवलं, खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो.

तू हसशील. मी देव मानत नाही, राशिभविष्य मानत नाही. पण लहानपणापासून बाबांनी पातेल्याला हात लावू दिला नाही, 'लग्नात पाऊस पडेल रे' म्हणून. एका सेकंदात मला मांडव दिसला, मुंडावळ्या बांधून मिन्जी दिसली, तिचे सगळे नातेवाईक भिजताना दिसले आणि होम विझलेला दिसला. म्हटलं, आधीच बाबा, त्यात तिची आई, त्यात दोन देश, वर आणखी पाऊस कशाला? मी मान हलवली आणि नो थँक यू म्हणालो.

हल्मोनीला वाटलं मी लाजतोय. तिने तुकडा आणखी पुढे केला. मी एक पाऊल मागे सरकलो. मिन्जीने विचारलं, काय झालं? आता खरं कारण तिला कसं सांगू? सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार, तेही तिच्या आईसमोर, हातात काथ्या घेऊन. माझे कान तापले. कान तापले की माझं तोंड माझं राहत नाही. मी म्हणालो, "भांड्याला लागलेलं मी दिवसभर घासतो. ते खात नाही."

मिन्जीने ते भाषांतर केलं नाही. पण हल्मोनीला कळलं. तिने तो तुकडा रुमालात गुंडाळला आणि आत गेली.

मागच्या दारात मिन्जीने मला गाठलं. तिथे तिने सांगितलं ते असं. युद्धात घर सोडून पळताना हल्मोनी नऊ वर्षांची होती. तिच्या आईने वाळवलेली नुरुंगजी फडक्यात बांधून तिच्या पोटाशी बांधली होती. आठ दिवस चौघेजण त्यावर जगले. तेव्हापासून ती पहिला तुकडा फक्त घरच्या माणसाला देते. तीन आठवडे ती मिन्जीला म्हणत होती, हा मुलगा बारीक आहे, एकटा जेवतो, ह्याला घरचं समजूया.

आज तिने लोखंडी भांडं धुऊन फळीवर पालथं घातलंय आणि घरच्यांचा भातही इलेक्ट्रिक कुकरमध्ये लावलाय. मिन्जी माझ्याशी फक्त 'प्लेट्स' आणि 'चमचे' एवढंच बोलते.

काय करू?

निहार

*

क्युपर्टिनो
१२ जुलै २००४

चि. निहार,

मी हसले. मग हल्मोनीचं वाचलं आणि हसू थांबलं. मग मांडवातली मुंडावळ्यांची मिन्जी आठवली आणि पुन्हा हसले. मुलीला अजून एक शब्द सांगितलेला नाही आणि ह्यांचा होम विझतोय.

आता तुला एक जुनी चोरी कबूल करते. सोलापूरला शेजारच्या बाई म्हणायच्या की खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि तुझा बाबा सहा वर्षांचा. खरवड निघायची वाटीभर, खाणारी तोंडं दोन. मी नरेंद्रला बाजूला घेतलं आणि शेजारणीचं ते वाक्य भरपूर मीठमसाला लावून सांगितलं. पावसात नवरी वाहून जाते, घोडा घसरतो, जिलब्यांचा पाक पातळ होतो. जिलब्यांचं ऐकून तो रडला. त्या दिवसापासून त्याने खरवडीला हात लावला नाही. पुढची बारा वर्षं सगळी खरवड मी एकटीने खाल्ली.

त्याच्या लग्नात, ऐन मे महिन्यात, वळवाच्या सरीने मांडव आडवा झाला. भिजलेल्या फेट्यानिशी तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, माझ्या वाटणीची तू खाल्लीस ना, हा त्याचाच पाऊस." अजूनही त्याची तीच समजूत आहे. आणि हे खूळ त्याने तुझ्यापर्यंत पोचवलं. मी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी वाटीभर भातासाठी मारलेली थाप आज न्यू जर्सीत एका म्हातारीच्या हातातला घास नाकारायला लावते, म्हणजे तिची ताकद मानायला हवी.

पण थाप माझी असली तरी 'घासतो, ते खात नाही' हे वाक्य तुझं आहे. ते माझ्या नावावर टाकू नकोस.

काय करू म्हणून विचारतोस. खरं कारण सांग. दुसरं कुठलंही कारण त्या बाईंना आणखी दुखवेल. खरं सांगितलंस तर तुझी फजिती होईल, आणि फजितीने अजून कुणी दगावल्याचं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही.

आत्या

*

पॅलिसेड्स पार्क
२५ जुलै २००४

आत्या,

तुझा सल्ला बाजूला ठेवून मी माझ्या पद्धतीने प्रयत्न केला. त्याचा अहवाल देतो.

सोमवारी रेस्टॉरंट बंद असतं. मी ठरवलं की हल्मोनीसाठी स्वतः खरवड करायची, म्हणजे बोलावंच लागणार नाही. लोखंडी भांडं घ्यायची हिंमत झाली नाही, म्हणून मोठं ॲल्युमिनियमचं घेतलं. भात छान झाला. मग आच ठेवून तिच्यासारखा कान देऊन बसलो. कडकड ऐकू येईना. आच वाढवली. तरी येईना. आणखी वाढवली. मग जे ऐकू आलं तो फायर अलार्म होता.

आगीचा बंब आला. ब्रॉड ॲव्हेन्यूवरच्या बेकरीतली माणसं केक हातात घेऊन बाहेर उभी राहिली. मिन्जीच्या आईने मला काढलं नाही, कारण जुलैत भांडी घासायला दुसरं कुणी मिळत नाही. हल्मोनी खाली आली, तिने भांड्यात वाकून बघितलं आणि काहीतरी बोलली. मिन्जीने ते मला सांगितलं. दोन आठवड्यांत प्लेट्स-चमच्यांपलीकडचं तिचं ते पहिलं वाक्य: 'आजी विचारते, हे आता तूच घासणार ना?'

हे एक झालं. आता दुसरं. शुक्रवारी एक खोकं आलं. आत आईच्या हातचं मेतकूट, तुपाची बरणी आणि माझं हिवाळ्याचं जाकीट. खोक्यावर पत्ता बाबांच्या अक्षरात. हा पत्ता जगात फक्त तुझ्याकडे होता. आत्या, मी तुला माझं सगळं लिहिलं आणि तू ते पार्सिपनीला पोचवलंस? मुंडावळ्यांसकट? फोन असता तर आणखी एक नदीत गेला असता.

हे शेवटचं पत्र समज. चुका लाल करून पाठवू नकोस.

निहार

*

क्युपर्टिनो
३ ऑगस्ट २००४

चि. निहार,

चुका दोनच. रागात तू शुद्ध लिहितोस.

पत्ता मी दिला. मुंडावळ्या दिल्या नाहीत. का दिला ते ऐक, मग हवं तर हे पत्रही नदीत टाक.

तुझा बाबा दर रविवारी सकाळी मला फोन करतो. तुझ्याबद्दल एक अक्षर विचारत नाही. म्हणतो, "ताई, तुमच्याकडे हवा कशी आहे?" निहार, क्युपर्टिनोची हवा मे महिन्यापासून बदललेली नाही. तरी मी दर रविवारी सांगते की हवा ठीक आहे, जेवते आहे, जरा तापट आहे पण निवळेल. तो 'बरं' म्हणतो आणि ठेवतो. परवा म्हणाला, हवा थंड होईल तेव्हा जाकीट लागेल. आता ह्याच्यावर मी पत्ता न देता राहायचं कसं?

तोही बोलत नाही, तूही बोलत नाहीस. एकाने फोन फेकला, दुसरा फोनवर हवा विचारतो. आमचं घराणंच असं आहे. माझंही ऐकून ठेव, हे नरेंद्रलाही माहीत नाही. मुंबईला हॉस्पिटलात असताना माझ्याबरोबर एक डॉक्टर होता. त्याने एकदा त्याच्या आईच्या हातचे लाडू आणून दिले. मी घेतले नाहीत, कारण त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. त्याला वाटलं, मला तो नको आहे. मी सांगायला हवं होतं की दाढ दुखते. दोन शब्द. पण त्याने तोंड पाडलं याचा मला राग आला आणि मी ठरवलं, ह्याने आपणहून विचारावं. त्याने विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्याच्या लग्नाची पत्रिका आली.

इतकी खरवड खाल्ली मी, पण पाऊस पडायला लग्नच झालं नाही. ह्याच्यावर हसायची तुला परवानगी आहे, मीसुद्धा हसते. पण मिन्जी जायला चार आठवडे उरलेत, आणि तुझी दाढ दुखत होती हे तिला अजून माहीत नाही.

तुझी फितूर,
आत्या

*

पॅलिसेड्स पार्क
१९ ऑगस्ट २००४

प्रिय आत्या,

तुझं पत्र तेरा दिवस खिशात घेऊन फिरलो. त्याला डिशवॉशरच्या साबणाचा वास लागलाय.

काल साडेतीनला घरचे जेवायला बसले. मिन्जीची बॅग दारातच उभी होती, रविवारी ती जाणार. मी नळ बंद केला, हात पुसले आणि टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. मिन्जीला म्हटलं, हल्मोनीला काही सांगायचंय, तू भाषांतर कर, एकही शब्द गाळू नकोस. ती म्हणाली, आधी ऐकते.

मी सांगितलं की मला त्या दिवशी तो तुकडा खूप खावासा वाटत होता. माझी आत्या दहा वर्षांची असताना तिने माझ्या वडिलांना फसवलं. आमच्याकडे म्हणतात की तळाचा भात खाल्ला की लग्नात पाऊस पडतो. मी तेव्हा मनात एक लग्न बघत होतो आणि मला ते कोरडं हवं होतं. नंतर जे बोललो ते घाबरून बोललो, आणि त्याची मला रोज लाज वाटते.

मी एवढं लांब बोललो आणि मिन्जीने दीड वाक्यात ते आटपलं. तिची मान लाल झाली होती. हल्मोनीने चमचा खाली ठेवला आणि काहीतरी विचारलं. मिन्जीने पाण्याचा ग्लास उचलला. हल्मोनीने पुन्हा विचारलं, आणि ह्या वेळी भाताची पळी उचलून आधी माझ्याकडे रोखली, मग मिन्जीकडे. त्याला भाषांतर लागलं नाही. मी होकारार्थी मान हलवली. मिन्जीची आई ताटातले मुळ्याचे तुकडे मोजायला लागली.

मग हल्मोनी हसायला लागली. आत्या, खांदे हलेपर्यंत, डोळे पुसत. हसता हसता ती बराच वेळ बोलली, आणि मिन्जीने ताटाकडे बघतच मला सांगितलं, "आजी म्हणते, आमच्याकडे लग्नात पाऊस पडला की ती दोघं सुखात राहतात. तिच्या स्वतःच्या लग्नात पडला होता. ती म्हणते, तुझी आत्या खोटारडी नाही, तिला फक्त अर्धीच गोष्ट माहीत होती."

हल्मोनी उठली. फळीवरचं पालथं भांडं तिने सुलट केलं, माझ्या हातात दिलं आणि सिंककडे बोट दाखवलं. दहा आठवड्यांत पहिल्यांदा मी ते भांडं धुतलं. मग तिने भात लावला. जेवण झालेलं असूनही सगळे बसून राहिले. आच मंद केल्यावर तिने स्टुलावर मला बसवलं आणि कान धरून भांड्याजवळ नेला. आता मला तो आवाज ओळखता येतो. तडतड असेल तर अजून ओलं आहे, आणि कागद चुरगळल्यासारखं वाजलं की झालं.

चकती एका तुकड्यात निघाली. हल्मोनीने ती मोडली आणि दोन्ही हातांनी सगळ्यात मोठा तुकडा मला दिला. मी दोन्ही हातांनी घेतला. खोलीत जाऊन आईचं तूप आणि मेतकूट आणलं. हल्मोनीने मेतकूट आधी हुंगलं, मग चिमूटभर लावलं, मग बरणी स्वतःच्या बाजूला सरकवली. ती आता परत मिळेल असं वाटत नाही.

संध्याकाळी मागच्या दारात मिन्जी म्हणाली, हे सांगायला सहा आठवडे लावलेस, आणि मधे एक बंबसुद्धा बोलावलास. मी म्हटलं, हो. ती बराच वेळ बुटाने पायरीवरची वाळू सरकवत होती. मग म्हणाली, "बॉस्टनला पाऊस फार पडतो. माहीत आहे ना तुला?"

मी म्हटलं, माहीत आहे.

कॉलेजच्या डीनना पत्र लिहायला घेतलंय, प्रोग्रॅम माझाच होता एवढंच सांगणारं. इंग्रजीत लिहिलं की राग कमी येतो, हा नवा शोध.

ह्या रविवारी बाबांचा फोन येईल. त्यांना सांग की पॅलिसेड्स पार्कची हवाही बरी आहे, हवं तर स्वतः येऊन बघा. पार्सिपनीहून पाऊण तास लागतो. साडेतीनच्या सुमारास आले तर भांडं आचेवर असेल. आणि त्यांच्या वाटणीची चव्वेचाळीस वर्षांची खरवड इथे बाकी आहे, हेही सांग.

तुझा,
निहार

*

क्युपर्टिनो
२७ ऑगस्ट २००४

चि. निहार,

पत्रात पाच चुका. ह्या वेळी लाल करत नाही.

रविवारी नरेंद्रचा फोन आला. हवा विचारली. तुझा निरोप मी जसाच्या तसा दिला. त्याने तो मला पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाला, "ताई, खरवडीवर तूप आधी घालायचं की मेतकूट?" मी म्हटलं, तूप. पुढच्या शनिवारी साडेतीनला तो येतोय. घाबरू नकोस, तो तुझ्याहून जास्त घाबरलाय.

काल मी छत्री घ्यायला गेले होते. क्युपर्टिनोत ऑगस्टमध्ये छत्री मागितल्यावर दुकानातली मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. आतून शोधून तिने एक आणली, लाल, मोठी, तिघं मावतील अशी. मला म्हणाली, कुठे प्रवासाला निघालात का?

मी म्हटलं, अजून तारीख ठरलेली नाही.

आत्या